लाडू-चिवड्याचं चटई क्षेत्र

दुकानदारानं पिंजरा काउंटरवर ठेवला आणि छपरावर प्रेमानं थाप मारली. "तीन मजली आहे ताई. आत जिना, वर गच्ची, फिरतं चाक फुकट. दोन गिनीपिग आरामात राहतील." पुण्यात फ्लॅट शोधत फिरत होते तेव्हा एजंटांकडून हेच ऐकत होते. चाक तेवढं नवीन.

पिंजऱ्याचा तळ २ फूट लांब, सव्वा फूट रुंद. म्हणजे २.५ चौरस फूट. दुकानदारानं तीन मजले गुणून ७.५ केले. योगायोग बघा, दोन गिनीपिगांसाठी कमीत कमी जागा म्हणून जाणकार जो आकडा सांगतात तोही ७.५ चौरस फूटच. पण तो सलग तळाचा. वरचे मजले, माळे, गच्च्या त्यात धरतच नाहीत. आपल्या भाषेत सांगायचं तर हवं होतं चटई क्षेत्र आणि मला विकलं जात होतं सुपर बिल्टअप.

मी फसले, हे सांगायला नकोच. पिंजराही आला, चाकही आलं. आत गेले दोन जीव : लाडूसारखा गोल, बदामी रंगाचा तो लाडू, आणि काळे-पांढरे-तांबूस सगळे रंग एकत्र कालवलेला तो चिवडा. पुढचे काही महिने घरात पिंजरा या एकाच विषयावर चर्चा चालली. त्यातून हाती लागलेला ऐवज इथे मांडते आहे, जसा आठवेल तसा.

उंची कुणाला हवी आहे?

गिनीपिगाचा बांधा एकदा नीट पाहा. २० ते २५ सेंटीमीटर लांब देह, वजन ७०० ग्रॅमपासून सव्वा किलोपर्यंत, आणि हा सगळा संसार चार आखूड काड्यांवर. पुढच्या पायांना चार-चार बोटं, मागच्यांना तीन-तीन. शेपूट नाही. खार चढते, हॅमस्टर लोंबकळतो; गिनीपिग चालतो, पळतो, थबकतो. खोलीचा अंदाज त्याला कच्चाच, त्यामुळे वरच्या मजल्यावरून पाय सुटला तर हाड मोडू शकतं. डोळे मात्र दोन्ही बाजूंना, जवळजवळ गोलाकार दिसतं. वरून झडप घालणाऱ्या पक्ष्यावर नजर ठेवायला ते बेस्ट, जिना उतरायला नव्हे.

आणि ते फुकटचं चाक? हॅमस्टरचा पाठीचा कणा लवचिक असतो. गिनीपिगाला चाकात घातलं की पाठ उलटी वाकते आणि इजा होते. पारदर्शक प्लास्टिकच्या गोळ्यात घालून घरभर सोडायचीही एक टूम आहे, तीही त्याच कारणानं वाईट. आमचं चाक सध्या केबल गुंडाळून ठेवायला कामी येतं.

सरळ मोकळी वाट मिळाली की हा आळशी दिसणारा गोळा भन्नाट पळतो. आनंद अनावर झाला की जागच्या जागी चारी पाय वर उडवून, हवेत गिरकी घेऊन खाली येतो. इंग्रजीत पाळणारे याला पॉपकॉर्न म्हणतात. आमच्याकडे "लाही फुटली" म्हणतात. तीन मजली इमारतीत राहत असताना एकही लाही फुटलेली मी पाहिली नव्हती.

मापाला कॅरम

चौरस फूट डोळ्यासमोर येत नाहीत. म्हणून आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, त्यांचा कॅरम जमिनीवर आडवा टाकला. स्पर्धेच्या मापाचा, आत २९ इंच, लाकडी चौकट धरून साधारण ३५ इंच. चौकटीसकट सुमारे साडेआठ चौरस फूट. म्हणजे दोन गिनीपिगांना एक अख्खा कॅरम ही झाली किमान गरज. दोन्ही नर असतील तर त्याहून मोठा, कारण नरांना एकमेकांपासून लांब जायला जागा लागते. तिसरा आला की १०.५ चौरस फूट, चार झाले की १३.

आबा गिरगावच्या चाळीत वाढलेले. त्यांनी कॅलेंडरच्या मागे हिशेब केला. दहा बाय बाराची खोली, माणसं नऊ, माणशी १३.३ चौरस फूट. "यांना डोक्यामागे चाराच्या वर? वजनाच्या हिशेबानं हे मलबार हिलला राहतात," म्हणाले. आणि मग त्यांनीच सगळ्यात जास्त मेहनत घेऊन घर बांधलं.

नावात काय नाही

गिनी या आफ्रिकी देशाशी याचा संबंध नाही आणि डुकराशी तर नाहीच. हा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतरांगांमधला कृंतक, उंदीर-खारींचा दूरचा चुलतभाऊ. तरी डुकराचं लेबल जगभर चिकटलं. जर्मन त्याला समुद्राचं पिल्लू-डुक्कर म्हणतात. पोर्तुगीज म्हणतात पोर्किन्यो-दा-इंदिया, म्हणजे इंडियाचं छोटं डुक्कर. फ्रेंचांचंही तेच, कोशाँ दँद. गोव्यात साडेचारशे वर्षं राज्य करणाऱ्यांच्या भाषेत या प्राण्याच्या नावात आपला देश आहे, पण तो चुकून आलेला. कोलंबसाच्या गोंधळामुळे अमेरिकाही 'इंडीज' झाली, त्याचीच ही शिल्लक. जपान्यांची गफलत वेगळीच. ते त्याला मोरुमोत्तो म्हणतात, मूळ शब्द मार्मोट, म्हणजे तिसराच प्राणी.

अँडीजमध्ये त्याला क्वी म्हणतात आणि हजारो वर्षं तो तिथे पाळला जातो, मुख्यतः ताटात वाढण्यासाठी. पेरूतल्या कुस्को शहराच्या कॅथेड्रलमध्ये मार्कोस झापाता यानं १८ व्या शतकात रंगवलेलं 'अखेरचं भोजन' आहे. येशूच्या समोरच्या थाळीत चारी पाय वर केलेला क्वी. माझ्या लेकीनं हे चित्र फोनवर पाहिलं आणि लाडूचे डोळे झाकले.

तिथल्या खेड्यांत त्याला पिंजरा कधी नव्हताच. स्वयंपाकघरात, चुलीच्या उबेला, पायांत घुटमळत कुटुंबच्या कुटुंब मोकळं फिरायचं आणि भाजीची देठं-सालं खायचं. म्हणजे याचं मूळचं घर एका पातळीचं, माणसांच्या वर्दळीतलं आणि खाण्याच्या वासाचं. पिंजरा दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ठेवावा की मागच्या बाल्कनीत, याचं उत्तर मला इथे मिळालं.

उमेदवाराच्या खांद्यावर संसार

बाजारात या मापाचा तयार पिंजरा मिळाला तर तो महाग, आणि बहुतेकदा मिळतच नाही. कुत्र्याचा मोठा पिंजरा मिळतो, त्याच्या गजांमधून पिल्लू सहज बाहेर येतं. पक्ष्यांचा मिळतो, तो उंच आणि अरुंद. माशांची काचेची टाकी कुणी तरी देऊ करतंच. तिच्यात हवा खेळत नाही, लघवीचा अमोनिया तळाशी साचतो, आणि गिनीपिगाची छाती नाजूक.

अमेरिकेतल्या पाळणाऱ्यांनी यावर एक जुगाड काढला आणि तो जगभर गेला. कपाटाचे कप्पे करायला मिळतात त्या तारेच्या चौकोनी जाळ्यांची भिंत आणि आत पोकळ नळ्यांच्या प्लास्टिक पत्र्याचा ट्रे. तिकडे त्या पत्र्याला कोरोप्लास्ट म्हणतात. हे ऐकून मी आठवडाभर ऑनलाइन शोधत बसले. मग एका फ्लेक्सवाल्यानं माझ्या फोनवरचा फोटो पाहून विचारलं, "सनपॅक पाहिजे का मॅडम?"

सनपॅक! प्रचाराच्या पाट्या, 'प्लॉट विकणे आहे', क्लासच्या जाहिराती, सगळं ज्याच्यावर छापलेलं असतं तेच. निवडणूक नुकतीच झालेली. त्यानं आठ बाय चार फुटांचा एक अख्खा पत्रा पडेल भावात दिला. भाव पडेल होता, कारण उमेदवारही पडेल होता.

आता माप. जाळीचा एक चौकोन १४ इंचांचा. दोन बाय चार जाळ्यांचा पिंजरा करायचा तर तळ २८ बाय ५६ इंच, जवळजवळ १०.९ चौरस फूट. भिंतीला जाळ्या लागतात बारा. ट्रेच्या कडा चारी बाजूंनी सहा-सहा इंच वर यायला हव्यात, नाहीतर गवत घरभर. म्हणजे सनपॅक ४० बाय ६८ इंच लागला. ४८ बाय ९६ च्या पत्र्यातून तो आरामात निघतो आणि २८ बाय ४८ चा तुकडा उरतो, त्यातून गवताचा ट्रे होतो.

कडेपासून सहा इंचांवर रेघ मारायची. त्या रेघेवर कटर फक्त वरच्या थरातून फिरवायचा, आरपार नाही. चारी कोपऱ्यांत सहा इंचांची एकेक चीर, तिथे मात्र आरपार. मग कडा उभ्या करून कोपरे बाहेरून चिकटपट्टीनं बांधायचे. छापील बाजू बाहेर ठेवायची, कारण आतली कुरतडली जाणार हे ठरलेलं. त्यामुळे आमच्या पिंजऱ्याला बाहेरून चारी बाजूंनी नमस्कार करणारा हात आणि अर्धी मिशी दिसते. पाहुणे कोण उभे होते म्हणून विचारतात.

दोन सूचना. जाळ्यांसोबत येणारे प्लास्टिकचे गोल जोड दिखाऊ असतात, धक्का लागला की निसटतात. प्रत्येक सांध्याला वर-मध्ये-खाली केबल टाय आवळायचे आणि त्यांची टोकं बाहेरच्या बाजूला कापायची. दुसरं, जाळीतली भोकं दीड इंचाहून मोठी नकोत. पिल्लू आत डोकं घालतं आणि ते बाहेर येत नाही.

१४ इंचांची भिंत पुरते का? पुरते. हा उडी मारणारा गडी नाही. झाकण लागतं ते बाहेरच्यांसाठी.

गोधडी हरली

जुन्या पिंजऱ्याला तळाशी तारेची जाळी होती, घाण खाली पडावी म्हणून. ऐकायला स्वच्छ. पण गिनीपिगाच्या तळव्यांना केस नाहीत, मांजरासारखी गादी नाही. तारेवर राहून तळवे सोलतात, सुजतात, चिघळतात. बोट अडकून मोडलं तर वेगळंच. तळ सपाट आणि मऊ हवा, यावर कुणाचंच दुमत नाही.

मऊ म्हणून मी आजीच्या मायेनं सुती गोधडी घातली. दुसऱ्या दिवशी दोघांची पोटं ओली. सुती कापड ओल धरून ठेवतं. फ्लीसचं काम उलटं. त्याचे धागे ओल पीत नाहीत, ती खालच्या थराकडे सरकू देतात. वर फ्लीस, खाली जुने टॉवेल किंवा तीच गोधडी, म्हणजे वरचा थर कोरडा राहतो. पण नवं फ्लीस आणून लगेच अंथरलं तर पाणी थेंबासारखं वरच बसतं. ते आधी तीन-चारदा गरम पाण्यात धुवावं लागतं, आणि कपडे सुगंधी-मऊ करणारं ते द्रव्य टाकायचं नाही, कारण त्याचा थर बसून ओल पुन्हा अडते.

सुताराकडचा भुसा फुकट मिळतो म्हणून मोह होतो. त्याची धूळ नाकात जाते, आणि देवदार किंवा चीडच्या लाकडातल्या वासाच्या तेलांनी श्वासाला त्रास होतो. कुठलं लाकूड तासलं हे सुतारही छातीठोक सांगत नाही. राहू द्या.

लघवीत कॅल्शियम भरपूर, त्यामुळे सनपॅकवर पांढरे डाग बसतात. साबण हरतो. व्हिनेगर शिंपडून दहा मिनिटं थांबायचं, डाग सुटतात.

नळीचं कौल

जंगलातले याचे नातेवाईक उंच गवतात राहतात. गवतातून जा-ये करून वाटा पडतात, त्या बोगद्यांसारख्या वाटांनी कळपानं फिरायचं. स्वतः बीळ खणत नाहीत. त्यामुळे मोठा पिंजरा दिला आणि मध्ये मैदान मोकळं सोडलं की हे दोघं भिंतीला चिकटून गस्त घालतात आणि मधली जागा फुकट जाते. मैदानात आडोसे पेरले की अख्खा पिंजरा वापरला जातो.

आडोशाचा एक नियम : दारं दोन हवीत. एकाच दाराच्या घरात धाकटा बसला आणि थोरला दारात आला की कोंडी होते, मग दात वाजतात. आणि घरांची संख्या राहणाऱ्यांपेक्षा एकानं जास्त.

दुकानातली लाकडी झोपडी महाग, तिला दार एक. कोकणातून येताना आबांनी जुन्या घरावरची नळीची कौलं आणली, अर्धगोल मातीची. दोन्ही तोंडं उघडी, पाठ गोल, आत गार, आणि खडबडीत मातीवरून चढउतार करताना नखंही थोडी झिजतात. इतकं नेमकं गिनीपिगाचं घर कुणी मुद्दाम बनवलं नसतं. पुठ्ठ्याचं खोकंही चालतं. दोन दारं कापायची, आठवड्यानं ते खाऊन संपतं, नवं ठेवायचं.

मोरी आणि स्वयंपाकघर एकच

एक गिनीपिग दिवसाला शंभराच्या आसपास लेंड्या टाकतो. त्याशिवाय एक मऊ प्रकार असतो, तो तो थेट तोंड वळवून खातो. आतड्यात आंबलेल्या गवतातली जीवनसत्त्वं दुसऱ्या फेरीत अंगी लागतात. लेकीनं हे शाळेत सांगितल्यापासून तिच्या डब्याशेजारी आठवडाभर कुणी बसलं नाही.

सोयीची बाब म्हणजे हे खाता खाताच उरकतात. म्हणून गवत जिथे, मोरी तिथे. पिंजऱ्याच्या एका टोकाला वेगळा ट्रे, त्यात कागद आणि भरपूर गवत, की बहुतेक घाण तिथेच. रोज तेवढाच ट्रे उपसायचा. बाकीचं फ्लीस दिवसाआड झाडलं तरी भागतं.

गवत हा शोभेचा भाग नव्हे. याच्या तोंडात २० दात आणि वीसच्या वीस जन्मभर वाढतात. ते झिजतात फक्त गवत दळून. आहाराचा चार पंचमांश भाग वाळलं गवत. परदेशी टिमोथी गवत इथे मिळतं, पण त्या किमतीत माणसांसाठी बासमती येतो. ताजं म्हणून दूर्वा उत्तम. औषध न मारलेल्या, रस्त्याकडेच्या नसलेल्या, हळदकुंकू न लागलेल्या. गणेशोत्सवात लाडू-चिवडा पिंजऱ्याच्या जाळीला नाक लावून देव्हाऱ्याकडे बघत बसतात. कुणाला भक्ती वाटेल. दुभत्या जनावरांना घालतात ती लसूणघास मात्र बेतानं. पिल्लांना आणि गाभण मादीला ठीक, मोठ्यांना तिच्यातलं कॅल्शियम जास्त होऊन खडे होतात.

आणि क जीवनसत्त्व. बहुतेक प्राणी ते शरीरात स्वतः बनवतात. माणूस आणि गिनीपिग दोघंही बनवू शकत नाहीत. नॉर्वेत आक्सेल होल्स्ट आणि थेओडोर फ्रोलिक यांनी १९०७ साली गिनीपिगांमध्ये स्कर्व्ही घडवून दाखवली, आणि खलाशांच्या त्या जुन्या रोगाचं कोडं सुटायला प्राणी सापडला. रोज ढोबळी मिरचीची एक फोड, चिमूटभर कोथिंबीर, काम झालं. पाण्याच्या बाटलीत थेंब टाकायचा सल्ला मिळेल. पाण्यात आणि उजेडात ते जीवनसत्त्व काही तासांत विरतं, आणि पाण्याची चव बदलली म्हणून हे पाणीच सोडतात.

सगळ्यात लहान पिंजरा

९ मार्च १९६१ ला सोव्हिएत रशियानं एक यान पृथ्वीभोवती फिरवून सुखरूप उतरवलं. आत चेर्नुश्का नावाची कुत्री, काही उंदीर, आणि एक गिनीपिग. गागारिन अंतराळात गेला त्याच्या महिनाभर आधी. जिवंत परतलेल्या त्या गिनीपिगाचं चटई क्षेत्र कुणी मोजल्याचं वाचनात नाही.

मुंबईशीही यांचं एक जुनं नातं आहे. परळच्या संस्थेला ज्यांचं नाव आहे त्या वाल्डेमार हाफकिन यांनी १८९२ साली पॅरिसमध्ये कॉलऱ्याची लस तयार केली. ती सिद्ध करताना कॉलऱ्याचे जंतू एका गिनीपिगातून दुसऱ्यात असे अनेकदा फिरवले होते.

एप्रिल

परदेशी पुस्तकांत थंडीपासून कसं वाचवाल याची प्रकरणं असतात. आपल्याकडे उलटी अडचण. गिनीपिग १८ ते २४ अंशांत खुशीत असतो. पारा २७ च्या वर गेला की धोका सुरू. अंगभर केस, घाम नाही, धापा टाकून शरीर थंड करण्याची कुत्र्याची कला नाही. आणि आपला एप्रिल-मे पुण्यात ४० ला टेकतो, नागपूर-चंद्रपूरकडे ४५ ओलांडतो.

म्हणून बाल्कनी बाद. पश्चिमेच्या खिडकीशेजारची जागा बाद. पिंजरा घरातल्या सगळ्यात गार खोलीत, जमिनीलगत. तळाच्या एका कोपऱ्यात शहाबादी फरशीचा तुकडा ठेवा. दुपारी दोघं त्याच्यावर पोट पसरून पडतात, देवळाच्या ओवरीत यात्रेकरू पडावेत तसे. पाण्याची बाटली फ्रीझरमध्ये गोठवून, फडक्यात गुंडाळून कौलाशेजारी ठेवली तर त्याला टेकून बसतात. खिडकीला वाळ्याचा ओला पडदा असेल तर फारच छान, पण कूलरचा झोत थेट पिंजऱ्यावर नको. सर्दीचा यांच्यात बघता बघता न्यूमोनिया होतो.

गिनीपिग आडवा पडून भराभर श्वास घेतोय, तोंडातून लाळ येते आहे, हलवलं तरी सुस्त, असं दिसलं तर कान आणि पाय साध्या गार पाण्यानं ओले करून लगेच डॉक्टरकडे न्यायचं. बर्फाचं पाणी ओतायचं नाही.

पावसाळ्याची तक्रार वेगळी. फ्लीस वाळत नाही. दमट अंथरुणात बुरशी होते आणि ती कातडीवर येते, गोल गोल चट्टे पडतात, आपल्यालाही लागतात. दोन संच पुरत नाहीत, तीन लागतात. गवत प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलं की आतून बुरसटतं. सुती पिशवी किंवा पोतं वापरायचं. वास जरा जरी कुबट आला तरी ते गवत फेकायचं, कंजुषी करायची नाही.

शेजारीपाजारी

झाकण कुणासाठी, ते आता. मांजर तर आहेच. बंगल्यात किंवा तळमजल्यावर राहत असाल तर घूस. तिला सनपॅक कुरतडायला एक रात्र पुरते. कोकणात मुंगूस आणि साप. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी यांतल्या कुणालाच अडवत नाही. लोखंडी जाळीचं झाकण आणि अशा ठिकाणी पिंजरा जमिनीऐवजी उंच मजबूत टेबलावर, एवढं तरी हवं.

मुंग्यांवर मात्र घरगुती उपाय आहे. टेबलाचे चार पाय पाण्याच्या चार वाडग्यांत. पूर्वी दुधा-तुपाचं जाळीचं कपाट असंच उभं असायचं.

ससा सोबतीला ठेवावा असं पुष्कळांना वाटतं. नको. सशाची एक लाथ गिनीपिगाची बरगडी मोडू शकते, आणि सशाच्या नाकात निवांत राहणारा एक जंतू गिनीपिगाच्या छातीत जाऊन जीव घेतो.

दिवाळीचे फटाके आणि विसर्जनाचे ढोल, या दोन्हींत पिंजरा आतल्या खोलीत. माणसाचा कान वीस हजार हर्ट्झला थकतो, यांना पन्नास हजारांपर्यंत ऐकू येतं.

"दोन्ही माद्या आहेत"

दुकानदाराचं हे दुसरं वाक्य. ते गाळलंच की मी. लाडू आणि चिवडा, दोन्ही माद्या, म्हणून निर्धास्त होतो. नवं घर बांधून पाच आठवडे झाले तेव्हा चिवडा पोटानं भोपळ्यासारखा, म्हणजे भोपळ्यासारखी, दिसू लागली. एका पहाटे पिंजऱ्यात तीन नवे रहिवासी. डोळे उघडे, अंगावर केस, दात आलेले, आणि दुपारपर्यंत गवत चावायला लागलेले. गाभणकाळ ६० ते ७० दिवसांचा असतो, इतका लांब की पिल्लं तयार होऊनच बाहेर येतात.

डॉक्टरांनी लाडूला उलटा करून बघितलं आणि हसले. मग एक गोष्ट गंभीरपणे सांगितली : व्याल्यानंतर काही तासांतच मादी पुन्हा गाभण राहू शकते. त्याच दिवशी वेगळे करा. इथे जाळीच्या पिंजऱ्याचं खरं मोल कळलं. दोन जाळ्या मधोमध उभ्या केल्या, केबल टाय आवळले, आणि दोन मिनिटांत वन रूम किचनचे दोन झाले. एकमेकांना बघता येतं, वास घेता येतो, पुढचं काही नाही. नर पिल्लं तीन आठवड्यांची झाली की तीही आईपासून वेगळी करायची, कारण त्या वयात ती वयात येतात. हे वाक्य मी लेकीसमोर दोनदा टाळलं.

एकट्याला ठेवायचा पर्याय नाही. स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासून कायदाच आहे, गिनीपिग एकटा पाळता येत नाही. एक मेला की दुसऱ्यासाठी सोबती आणावा लागतो, तो मेला की त्याच्यासाठी, आणि माणूस या साखळीतून सुटत नाही. आम्ही लाडूची नसबंदी केली, महिनाभराहून जास्त थांबलो आणि मगच भिंत काढली. थांबायचं कारण असं की शस्त्रक्रियेनंतरही काही आठवडे धोका राहतो. दोन पिल्लं मैत्रिणीकडे गेली, एक मादी इथेच. म्हणून पिंजरा दोन बाय पाच झाला. चौकोन जोडला की घर वाढतं, सोसायटीची परवानगी लागत नाही. ट्रे मात्र नवा करावा लागला. फ्लेक्सवाल्याकडे आता विजयी उमेदवार शिल्लक होता, तोही स्वस्तात.

फ्रीज

यांची एक हाक आहे, "वीऽऽक, वीऽऽक", चढत्या स्वरात. ती हे एकमेकांना फारशी मारत नाहीत, माणसांना मारतात, आणि तीही खाणं येणार असं वाटलं की. पिंजरा स्वयंपाकघराजवळ ठेवलात तर फ्रीजचं दार उघडल्याचा आणि प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज त्यांना आठवडाभरात पाठ होतो. मग रात्री दीड वाजता चोरून आइस्क्रीम खाण्याचा विषय संपला. हे प्राणी सलग झोपतच नाहीत, दिवसरात्र मिळून तुकड्या-तुकड्यांत डुलक्या काढतात, त्याही पुष्कळदा उघड्या डोळ्यांनी. पहारा चोवीस तास.

नीट जपलं तर पाच ते आठ वर्षं जगतात. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमशरचा स्नोबॉल १४ वर्षं साडेदहा महिने जगला आणि १९७९ मध्ये गेला. गिनेस बुकात तो विक्रम आहे. आबांनी हे ऐकून स्वतःचं वय मोजलं आणि पुढच्या वर्षी पिंजरा दोन बाय सहाचा करू म्हणाले.

कॅरम सध्या खिडकीच्या उन्हाला आडोसा म्हणून उभा आहे. रविवारी आबांनी तो खाली काढला, पावडर टाकली, सोंगट्या मांडल्या. राणी नव्हती. घर शोधून झालं, सोफे सरकवून झाले. शेवटी नळीच्या कौलाखाली लाल रंगाचा एक चघळलेला तुकडा सापडला. तिघंही आपापल्या दाराशी बसून गवत चावत होती, उघड्या डोळ्यांनी.